फितीच्या अलीकडे

माझी आत्या मोज्यांच्या कारखान्यात जोड्या लावायचं काम करायची आणि सुट्टी झाली की मैदानावर पळायची. शर्यतीत तिच्या आसपास फिरकणारी कुणी नव्हती. आजोबांना तिचं पळणं मनातून आवडायचं, पण तोंडानं कबूल करतील तर शपथ! पुढच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली, दुसऱ्या शहरात जायचं होतं, आणि आजोबांचं आपलं "बघू, बघू" चाललेलं. आत्याचा जीव टांगणीला लागला होता.

तेवढ्यात मैदानावर सिनेमावाले आले. चक्क धावणाऱ्या मुलीवरचा सिनेमा! नटी देखणी, पण चार पावलं पळाली की धापा टाकायची. मग चेहरा नटीचा आणि पाय आत्याचे, असं ठरलं. "तोंड दिसणार नाही ना?" एवढंच विचारून आजोबांनी होकार दिला. दिग्दर्शक आत्याला ताई म्हणायचा. "ताई, सिनेमातली मुलगी जिंकते, अगदी तुमच्यासारखी. वडिलांना दाखवा, तेच तुम्हाला गाडीत बसवून देतील." गोडबोल्या मेला! आत्यानं त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

ती जीव तोडून पळाली. छातीनं फीत तोडली, तेव्हा दिवे धरणाऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग आवराआवर चालू असताना दिग्दर्शक म्हणाला, "ताई, आणखी एकदा पळा, पण फितीच्या अलीकडे थांबा. वळा आणि कुंपणापर्यंत चालत जा. फोकस तपासायचाय, बाकी काही नाही." दमली होती, तरी बिचारी पळाली, थांबली, वळली. वर त्यालाच विचारलं, "बरं झालं ना?"

"फक्कड!" तो म्हणाला.

सिनेमा लागला तेव्हा आत्यानं स्वतः तिकिटं काढून सगळं घर नेलं. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, सांगतात की शर्यत सुरू झाली तसे आजोबा खुर्चीच्या टोकाशी आले आणि मुठी आवळून "पळ, पळ" म्हणायला लागले. नटी सगळ्यांच्या पुढे होती. फीत समोर आली. आणि नटीला कुंपणापाशी डोळे पुसत उभा असलेला नायक दिसला. पाय थबकले, वळले, चालत त्याच्याकडे गेले. शर्यत दुसऱ्याच कुणीतरी जिंकली. थिएटरात टाळ्यांचा कडकडाट! जिंकता जिंकता बाई थांबली म्हणून टाळ्या! मला अजून संताप येतो.

आत्याच्या डाव्या गुडघ्यावरचा व्रण पडद्यावर हातभर दिसत होता. लहानपणी ती जखम आजोबांनीच धुऊन बांधली होती.

सगळे घरी आले. चपला काढताना आजोबा म्हणाले, "तुझेच पाय ना ते?"

"हो, पण अप्पा..."

"मग झालं तर. कुठं थांबायचं ते तुला कळतं. मीच उगाच घोर लावून घेतला होता." हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तरी परवडलं असतं, पण ते फार मायेनं म्हणाले. "आता ते स्पर्धेचं सोड, बाळ."

"फसवलं हो मला त्यांनी!" आत्याला रडू फुटलं. "मी जिंकले होते, अप्पा. ते थांबणं नुसतं फोकससाठी होतं."

आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. फोकस म्हणजे काय, ते त्यांना ठाऊकच नव्हतं.