चिकटपट्टी लावलेली कॅसेट

चाचांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काउंटरवर ठेवला, झाकण काढलं आणि मला ती दिसली. वरून तिसरी कॅसेट. तिच्या मागच्या कडेवर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती आणि ती मी लावलेली होती.

चाचा म्हणजे नांदेडात आमच्या गल्लीतल्या बँडचे मास्तर. क्लॅरिनेट वाजवायचे. लग्नसराईत हदगावपासून निलंग्यापर्यंत त्यांच्या बँडला उसंत नसे. आता बँड बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जुन्या कॅसेटी साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचा धंदा मी करतो, तेव्हा ते दुसरीकडे कशाला जातील?

"समद्या कर बेटा," ते म्हणाले. "पर वरून तिसरी, ढोलवाल्याच्या गावची वरात हाय ना, ती आधी कर. त्याचा ढोल तेवढ्या एकाच कॅसेटवर हाय."

ढोलवाला किल्लारीकडचा, शेतकरी घरातला. गणपतीच्या विसर्जनाला म्हणून गावी गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंपात घरादारासकट गेला. त्यानंतर चाचांनी बँड चालवला, पण ढोलाबद्दल ते कधी समाधानी दिसले नाहीत.

भूकंपानंतर चार वर्षांनी मी डॉक्टर व्हायला लातूरला गेलो. तेव्हा सगळेच जात होते. एकेका खोलीत पाच-पाच पोरं आणि क्लासमध्ये सर इतके भरभर शिकवायचे की लिहून घेणं शक्यच नव्हतं, म्हणून जो तो लेक्चर रेकॉर्ड करायचा. मी चाचांकडे जुन्या कॅसेटी मागितल्या. त्यांनी हाच डबा पुढे केला. म्हणाले, घे, फक्त मागचा तुकडा मोडलेल्यांवर काही भरू नको. कॅसेटच्या कडेवरचा तो प्लास्टिकचा तुकडा मोडला की तिच्यावर पुन्हा रेकॉर्डिंग होत नसे. जपायच्या कॅसेटींचं लोक तसं करत. आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा होतं, हे लातुरातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं.

बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि भरता येण्याजोग्या कॅसेटी संपल्या. मी पट्टी लावली. वरचं नाव उर्दूत होतं, मला वाचता आलं नाही, ही सबब मी स्वतःला पुष्कळदा दिली आहे. पण तुकडा मोडलेला आहे एवढं कळायला उर्दू यावं लागत नाही. परीक्षा झाल्यावर डबा गुपचूप परत केला. चाचांचा टेप तोवर बिघडला होता, म्हणून मी वाचलो.

बाकीच्या कॅसेटी चार दिवसांत केल्या. काहींना नवी खोकी घातली, खरखर कमी केली, क्लॅरिनेट उजळ केली. हात कामात होते, जीव त्या एका कॅसेटीत अडकलेला. ती मी तीनदा ऐकली. दोन लेक्चरांच्या मधे, शेवटी, कुठेतरी वीतभर वरात उरली असेल या आशेनं. दोन्ही बाजूंना फक्त केमिस्ट्रीचे सर.

मग मी ते केलं ज्याची अजून लाज वाटते. दुसऱ्या एका कॅसेटीतली तशीच वरात घेतली, साफ केलेल्या आवाजावर पुन्हा खरखर चढवली आणि वेळ मारून न्यायची ठरवली.

चाचा दुपारी आले. मी लावून दिली. गुडघ्यावर त्यांची बोटं क्लॅरिनेटवर फिरावीत तशी फिरत होती. जरा वेळानं ती थांबली.

"क्लॅरिनेट माझीच हाय. ढोल त्याचा न्हाई."

"जुनी टेप आहे चाचा, आवाज बदलतो."

"तो डावखुरा व्हता बेटा. त्याचा ढोल आधी बारीक बोलायचा, मग जाड. हे उलटं हाय."

पुढे खोटं बोलवेना. लातूर, पट्टी, सर, सगळं एका दमात ओकलो.

"आता काय हाय तिच्यावर?"

"लेक्चर."

"लाव."

मी लावली. सर कार्बनची संयुगं समजावून सांगत होते. चाचा स्पीकरकडे तोंड करून, मान किंचित पुढे काढून ऐकत राहिले. एक बाजू संपली, मी उलटली. ते कशाची वाट बघताहेत ते मला कळत होतं, कारण मीही तसाच बसलो होतो, तीनदा. उठून त्यांचे पाय धरावेत असं वाटत होतं आणि हलवत नव्हतं.

"संपली?"

"संपली."

ते उठले. त्यांनी शिव्या द्याव्यात, चार लोकांत माझी लाज काढावी, असं मला मनापासून वाटत होतं. दारापाशी ते वळले.

"ह्या विषयात किती मार्क पडले तुला?"

मी डॉक्टर झालो नाही, हे त्यांना ठाऊकच होतं.

"पस्तीस," मी म्हणालो. "शंभरात."

"पास झाला म्हंजे," ते म्हणाले आणि भिंत चाचपत पायरी उतरले.