कपाशीच्या ओळींवर मोजलेले आठशे मीटर

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी युवक झाले. म्हणजे, सावनेरजवळच्या एका गावातल्या युवक मंडळाची रीतसर सभासद झाले. माझी बदली सावनेरच्या बँकेत झाली होती. आठवडाभर तिथे खोली घेऊन राहायचं आणि शनिवारी शहरातल्या प्रताप नगरच्या घरी पळायचं, असा माझा क्रम होता. त्याआधी पळण्याशी माझा संबंध तेवढाच होता.

मंडळात सगळी पोरंच. कुणी खाणीवर ठेकेदाराकडे, कुणी ऑटो चालवणारा, कुणी मोबाइल दुरुस्त करणारा. गणपती बसवणं, रक्तदान, कबड्डी आणि पोलीस भरतीची तयारी हे त्यांचे उद्योग. गावातल्या एका मुलीलाही भरतीला उतरायचं होतं, पण बाईमाणूस सोबत असेल तरच मैदानावर पाठवीन, असं तिच्या आईचं म्हणणं. मंडळाकडे शिट्टी होती, स्टॉपवॉच होतं, बाईमाणूस नव्हतं. मग एक दिवस अध्यक्ष माझ्या काउंटरवर हजर.

"मॅडम, सकाळी पाच-सहाले तुमी काय करून राहता?"

"झोपून राहते," मी खरं ते सांगितलं.

"मंग आमच्याकडंच या ना!"

पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत धावले आणि शंभर पावलांत धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसले. पोरं हसली नाहीत, फक्त एकाने पाण्याची बाटली आणून दिली. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवसापासून स्टॉपवॉच माझ्या हाती आलं.

मैदान म्हणजे कपाशीच्या वावराला लागून जाणारी पांदण, बैलगाडीची कच्ची वाट. दर पावसाळ्यानंतर मंडळ ती नव्याने मोजायचं, आणि मोजायचं ते ओळींवर. कपाशीच्या दोन ओळींत चार फूट अंतर, म्हणजे तीनशे अठ्ठावीस ओळी झाल्या की चारशे मीटर. तिथे झेंडा रोवायचा. जाऊन-येऊन आठशे. माझ्या मुलाने वाढदिवसाला दिलेलं अंतर मोजणारं मनगटी घड्याळ मात्र मी चालत फेरी मारली की सहाशेच दाखवायचं. मी तक्रार केली, तर अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मशीन बिघडते. कपाशी कशी बिघडन?" एवढ्या थाटात सांगितल्यावर मी घड्याळ काढूनच ठेवलं.

मुलीचे बाबा कमी बोलणारे, दोन एकरांचे शेतकरी. त्यांनी दिवाळीआधीचा एक रविवार ठरवून दिला. त्या दिवशी ती तीन मिनिटांच्या आत आली तर भरतीचा फॉर्म भरायचा, नाही आली तर दिवाळीनंतर पाहुणे बघायला येतील. पोरीच्या जन्माचा निकाल मिनिटांवर लावणाऱ्या त्या माणसाचा मला भयंकर राग आला होता.

त्या आठवड्यात मी घरी गेले नाही. बाबा धुतलेला सदरा घालून आले आणि झेंड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी शिट्टी फुंकली. ती गेली, झेंड्याला वळसा घालून आली, आणि मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. दोन मिनिटं बावीस सेकंद! पोरांनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं. "महाराष्ट्रात पहिली येते गा हे!" असा ओरडा झाला. बाबांनी पेढा तोंडात टाकला, "भर फॉर्म" म्हणाले आणि बैल सोडायला निघून गेले.

गर्दी पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नाही.

"मॅडम, हे आठशे नाही. यंदा इथची कपाशी तीन फुटावर हाय."

"तुला कसं माहीत?"

"म्या अन् मायनंच तर सरकी लावली या वावरात, मजुरीनं. गावातल्या साऱ्या बायांले माहीत हाय."

माझ्या डोक्यात उजेड पडला. सरकी लावायला बाया वाकतात, निंदायला बाया, वेचायला बाया. मंडळाची पोरं ओळी मोजायला तेवढी येतात.

"मग बोलली काहून नाहीस?" रागाच्या भरात मीही त्यांच्यासारखीच बोलायला लागले होते.

"बोलली असती, तर बाबानं पेढा खाल्ला असता का?"

वेळ घेऊन झाली की ती रोज आणखी एक फेरी मारायची, झेंड्याच्याही पुढे, पार विहिरीपर्यंत. मला वाटायचं, हौस आहे. खरं तर ती तीन फुटांच्या हिशेबाने ओळी मोजून खरे आठशे धावत होती. फक्त ते मोजायला घड्याळ नव्हतं. सोमवारी मी ती फेरी मोजली. तीन मिनिटं नऊ सेकंद.

"नऊच ना?" ती म्हणाली आणि परत सुरुवातीच्या खुणेवर जाऊन उभी राहिली.

मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही. फसवणुकीची शिट्टी मीच फुंकली होती. शेवटी बुधवारी धीर करून मी तिच्या वावरात गेले. बाबा हरभऱ्यासाठी जमीन वखरत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं: ओळी, तीन फूट, नऊ सेकंद. वर हेही सांगितलं की पाहुणे बोलावलेत तर मी भांडायला येईन.

त्यांनी बैल थांबवले.

"बाई, जलम कपाशीत गेला माहा. तीन फूट अन् चार फूट मले दिसत नाही का?"

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला..."

"झेंड्यापाशी उभा राहिलो, तवाच समजलं. पण पोरगी अशी धावून राहिली होती, का फूट मोजायचं मनच नाही झालं."

माझे डोळे भरून आले, ते त्यांनी पाहिलं असावं, कारण ते घाईघाईने बैलांकडे वळले.

"तिले सांगू नोका, मले माहीत हाय म्हणून," ते जाता जाता म्हणाले. "भेवानं जोरात धावते थे. थे नऊ सेकंद कमी होऊ द्या, मंग मीच सांगीन."