बैलांच्या वाटणीचे हुलगे

भिवराबाईनं लग्न झाल्यापासून दर हंगामात हुलगे शिजवले, पण स्वतः दाणाही तोंडात टाकला नाही. पाटोद्याकडच्या बरड रानात पिकलेले हुलगे कोयत्यांबरोबर गाडीत चढायचे ते बैलांसाठी. बैलाच्या वाटणीचं माणसानं खाल्लं की बैल भरल्या गाडीखाली बसतो, असं ऊसतोडीची सगळी टोळी मानायची. बैलाला कडधान्य आणि बाईला भाकरी-ठेचा, असा तो न्याय! त्यावरच बायका डोक्यावर मोळ्या वाहायच्या.

शहाऐंशीच्या दुष्काळात हुलगेही कसेबसे दोन पायल्या निघाले. सहकारी कारखान्याचा ऊस तोडताना, तलवाड्याजवळच्या तळावर सून वत्सला बाळंत झाली आणि बाराव्या दिवशी पुन्हा फडात उतरली. तिला दूध येईना. पोरगी रडून रडून गप्प व्हायची, आणि ते गप्प होणं भिवराबाईच्या काळजाला जास्त लागायचं. दिवसभराच्या तोडीनं भिवराबाईच्याही अंगात त्राण नव्हतं, तरी एक विचार पिच्छा सोडेना. बैलाला बळ देणारे हुलगे बाईला बळ देणार नाहीत होय?

मग ती नवऱ्याच्या नकळत रोज ओंजळभर हुलगे भाजून, भरडून त्याचं माडगं करू लागली. सकाळी वाटी सुनेच्या हातात द्यायची आणि पुढं निघायची.

पंधरा दिवस झाले तरी पोरगी तशीच. एका सकाळी विसरलेला कोयता घ्यायला भिवराबाई माघारी आली, तर वत्सला बैलांच्या घमेल्यात वाटी ओतत होती.

"अगं, ह्ये काय करतीस?"

"आत्याबाई, बैल बसला तर? माझ्यापायी समद्यांची गाडी थांबंल." वत्सला रडायलाच लागली.

भिवराबाईला भयंकर राग आला, पण सुनेचा नाही. वत्सला नवी नवरी असताना तिनं कच्चे हुलगे चघळले, म्हणून तिच्या हातावर चापट भिवराबाईनंच मारली होती.

तेवढ्यात तिचा नवरा त्रिंबक बैल जुंपायला आला. त्याच्यादेखत भिवराबाईनं पातेल्यातलं उरलेलं माडगं वाटीत घेतलं, आधी स्वतः घोट घेतला आणि वाटी सुनेपुढं धरली.

"आगं, बैलाचं हाय त्ये!" त्रिंबक ओरडला. "बैल बसंल ना!"

"बसू द्या. पंचवीस वरसं मी बसले न्हाई, त्ये कुनी इचारलं?"

वत्सलेनं सासऱ्याकडं पाठ केली आणि भीत भीत सगळी वाटी संपवली.