पानाला चिकटलेला चेहरा

टोरोंटोच्या उत्तर भागात, एका दुमजली इमारतीच्या बेसमेंटमध्ये मी काही वर्षं नोकरी केली. संस्था लहान होती. नाझींच्या हातून वाचून कॅनडात आलेल्या ज्यू कुटुंबांचे फोटो, पत्रं, शाळेचे दाखले, ओळखपत्रं तिथे जमा होत. त्याआधी मी नागपूरच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे आम्ही स्कारबरोला आलो आणि इथल्या एकाही वर्तमानपत्राला माझी गरज नव्हती. या संस्थेला मात्र फोटोओळी लिहिणारं माणूस हवं होतं. इंटरव्ह्यूमध्ये त्यांनी एका लग्नाचा जुना फोटो पुढे ठेवला आणि विचारलं, याखाली काय लिहाल? मी म्हणाले, "आधी यातलं कुणी हयात आहे का ते सांगा. त्यांना विचारून लिहीन." दुसऱ्या आठवड्यात मी कामावर होते.

फोटोओळीचे नियम मला पाठ होते. नावं डावीकडून उजवीकडे. माहीत नाही ते लिहायचं नाही. विशेषण शक्यतो नको. ही शिस्त तिथे जशीच्या तशी चालली. सोडावी लागली ती फोटो कापायची सवय. दैनिकात आम्ही चेहरा ठेवून बाकीचं छाटत असू. इथे कडा, डाग, मागचा शिक्का, सगळं जपायचं असे.

जपण्याचं हे काम करणारी बाई हॅलिफॅक्सची होती. उंच, मितभाषी. बर्फाचे बूट दाराशी काढून दिवसभर लोकरी मोज्यांवर वावरायची. तिच्या टेबलाजवळ कुणी कॉफीचा कप आणला तर ती फक्त कपाकडे बघत राहायची. कप परत जायचा.

अशाच एका जानेवारीत ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ आले. हातात ग्रोसरीची पिशवी, पिशवीत टॉवेल, टॉवेलात प्रार्थनेचं पुस्तक.

"टॉवेल धुतलेला आहे," त्यांनी सांगितलं. "पुस्तकाबद्दल तसं म्हणता येणार नाही."

त्यांची हकिगत त्यांनी कोट न काढता, उभ्यानेच सांगितली. पोलंडमधलं एक लहान गाव. शेजारच्या शेतकरीण बाईने त्यांच्या घरातलं हे पुस्तक बटाट्याच्या खड्ड्यात दडवून ठेवलं होतं. युद्ध संपल्यावर ते एकटेच गावी परतले आणि बाईने पुस्तक त्यांच्या हाती दिलं. घरातलं दुसरं काही उरलं नव्हतं, दुसरं कुणीही नव्हतं. पुस्तकात त्यांच्या धाकट्या बहिणीचा फोटो होता. खड्ड्यातल्या ओलीने तो पानाला घट्ट चिकटला होता, चेहरा पानाकडे करून.

"सात वर्षांची होती. फोटो काढला तेव्हा मी तिथेच होतो. तिला हसवत होतो म्हणून मला स्टुडिओबाहेर काढलं," ते म्हणाले. "तिचा आवाज मला आठवतो. चेहरा आठवत नाही. चेहरा या पुस्तकात आहे आणि मी साठ वर्षं त्याची पाठ बघतोय."

एकदा प्रयत्न झाला होता. त्यांच्या बायकोला टपाल तिकिटं जमवायचा नाद होता. तिकीट सोडवतात तशी तिने किटलीची वाफ दिली. फोटोचा खालचा कोपरा सुटला, पण चित्र पानावरच राहिलं आणि पुसलं गेलं. त्या कोपऱ्यात मुलीचा एक बूट होता. त्यांनी बायकोच्या हातून पुस्तक काढून घेतलं आणि तिच्या हयातीत परत उघडू दिलं नाही. ती गेल्यावर ते आमच्याकडे आले.

अडचण फक्त चिकटण्याची नव्हती. पानावर प्रार्थना छापलेली होती आणि प्रार्थनेत देवाचं नाव. त्यांच्या धर्मात ते नाव एकदा कागदावर आलं की पुसत नाहीत, फाडत नाहीत. पुस्तक जीर्ण झालं तर ते कचऱ्यात जात नाही. त्यांच्या देवळात, म्हणजे सिनेगॉगमध्ये, अशी पुस्तकं साठवतात आणि माणसाला पुरावं तशी कबरस्तानात पुरतात. या पुस्तकाची पुरायची वेळ कधीच झाली होती. पण फोटोसकट ते कसं पुरणार? आणि फोटो सोडवताना नाव पुसलं गेलं तर?

"तुम्ही चांगली माणसं असाल," ते म्हणाले, "पण तुमच्यासाठी हा फक्त जुना कागद."

हॅलिफॅक्सच्या बाईने पुस्तक बघायला मागितलं. त्यांनी टॉवेल उलगडला तेव्हा कुठल्याशा पानाचा सुटा तुकडा खाली पडला. मी मागे सरकले आणि माझा पाय त्याला लागला. मी वाकून तो उचलला, कपाळाला लावला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय केलंत?" त्यांनी विचारलं.

"पाय लागला."

"मग?"

"आमच्याकडे कागदाला पाय लागला की असं करतात."

"प्रार्थनेच्या कागदाला?"

"कुठल्याही. परवा पिझ्झाच्या जाहिरातीला केलं."

ते बाईकडे वळले. "ऐकलंत? पिझ्झाच्या जाहिरातीला!" मग त्यांनी कोट काढला, खुर्चीवर टाकला आणि बसले. पुस्तक त्या दिवसापासून आमच्याकडे राहिलं.

आधी झाकलेल्या मजकुरात नाव कुठे कुठे येतं ते शोधायचं होतं. फोटो पानापेक्षा लहान होता. प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट त्याच्या बाहेर दिसत होता, मधलं झाकलेलं होतं. त्यांना ती प्रार्थना लहानपणापासून पाठ. मी त्या पानावर पातळ पारदर्शक कागद धरून ओळी आखल्या आणि ते म्हणत गेले. नावाची जागा आली की म्हणणं थांबवून बोटाने टेबलावर टक करायचे. टक झालं की मी पेन्सिलीचा ठिपका द्यायचे. अर्ध्या फाटलेल्या प्रुफावरून बातमी जुळवण्याची मला सवय होती, त्यामुळे हे काम अवघड वाटलं नाही. मजकुरात चूक होणार नाही याची त्यांना खात्री होती, आखणीत होणार नाही याची मला.

तीन ठिपके आले. निघून गेलेल्या बुटामुळे फोटोची खालची बाजू कळत होती. त्या हिशेबाने दोन ठिपके फ्रॉकवर येत होते आणि तिसरा बराच वर, डोक्याच्या उंचीला.

"चेहऱ्यावर?" त्यांनी विचारलं.

"डोक्याच्या आसपास," बाई म्हणाली. "सोडवल्याशिवाय सांगता येणार नाही."

सोडवायच्या दिवशी ते सूट घालून आले. बाईने पान वेगळं करून मागून दमट केलं होतं. फुगलेला कागद ती चपट्या हाडी पातीने थराथराने, पट्ट्यापट्ट्यांनी उचलत होती. अक्षरं शाबूत असलेली प्रत्येक पट्टी टिपकागदावर ठेवायची आणि सुकवायची, असं ठरलं होतं. एकदा सवयीने तिने कापसाचा बोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. ते लगेच उठले आणि डब्यातून बोळा काढून लिफाफ्यात ठेवला. त्यावर काळं काही लागलेलं होतं. अक्षर होतं की मळ, आम्हाला कुणालाच सांगता आलं नसतं.

"सॉरी," ती म्हणाली.

"काही हरकत नाही. तुमच्या गावाचं मी देणं लागतो. मी बोटीतून हॅलिफॅक्सलाच उतरलो. तिथे एका बाईने मला कोट दिला. दोन माणसं मावतील असा. मी एकटाच होतो, तरी दिला."

आधी फ्रॉक दिसला, चौकटीचा. दोन्ही ठिपक्यांचे शब्द अख्खे सुटून आले. मग हात. डाव्या मुठीत काहीतरी धरलेलं. ते पुढे वाकले.

"पेन्सिल," ते म्हणाले. "माझी आहे. घेतली नाही म्हणायची."

हनुवटी आली. तोंड आलं. मिटलेलं, पण हसू आवरून मिटलेलं. मग डोळे. बाईने हात थांबवले, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

तिसरा ठिपका कानावर होता. तिथला कागद सुटेना. बाईने दोनदा ओल दिली, वाट बघितली, पात लावून बघितली आणि पात खाली ठेवली.

"इथे चित्र आणि कागद एक झालेत. ओढलं तर दोनातलं एक फाटेल. किंवा दोन्ही."

"तसंच ठेवलं तर?"

"तर राहील. माझ्यानंतरही राहील."

तिने सभोवतालचं मोकळं केलं. नखाएवढा कागद उरला, त्यावर एक छापील शब्द. मुलीच्या उजव्या कानावर नेमका बसलेला. बाकी चेहरा स्वच्छ होता.

मी त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. संगणकावर प्रत काढताना तो तुकडा पुसता येतो. दुसरा कान उलटा करून तिथे बसवता येतो. बऱ्याच घरांना तशी प्रत आवडते.

"नको," ते म्हणाले. फोटोवरून त्यांनी नजर काढली नव्हती. "आई सांगून दमायची, बाबा दमायचे, मी दमायचो. ही कुणाचं ऐकायची नाही. आता राहू दे त्याचं नाव तिच्या कानाशी. बघू, त्याचं तरी ऐकते का." ते हसले. खिशातून रुमाल काढला, फोटोपासून लांब जाऊन नाक पुसलं आणि परत येऊन बसले.

पट्ट्या, कापसाचे बोळे आणि उरलेलं पुस्तक एका खोक्यात घालून त्यांनी देवळात नेऊन दिलं. तिथल्या धर्मगुरूंना त्यांनी कानावरच्या शब्दाबद्दल विचारलं होतं. जपून ठेवलेला शब्द पुरायची गरज नाही, असं उत्तर मिळालं. खोकं एप्रिलमध्ये पुरलं, जमीन कुदळ लागण्याइतकी मऊ झाल्यावर.

फोटो संस्थेत राहिला. त्याखालची ओळ मी लिहिली. तिचं नाव इथे देत नाही, तिथे आहे. नाव, गाव, वय, मुठीतली पेन्सिल भावाची. त्यापुढे हॅलिफॅक्सच्या बाईच्या सांगण्यावरून आणखी एक वाक्य घातलं: उजव्या कानावरचा कागद काढू नये.

त्यांनी ओळ वाचून मान डोलावली. मग आपल्यासाठी काढलेली प्रत टॉवेलात गुंडाळली, ग्रोसरीच्या पिशवीत ठेवली आणि दाराकडे निघाले. जिन्याशी थांबून त्यांनी पिशवी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. डाव्या हाताने कठडा धरायचा होता.