कोणत्या देवाचा प्रसाद?

तांबटआळीतल्या सखुबाईला कुणी गरीब गाय म्हटलं असतं, तर ती गायच हसली असती. देवाधर्माला पक्की, जिभेला तिखट. पहाटे गंगेवर स्नान, सोमवारी महादेव, एकादशीला नुसत्या पाण्यावर. आणि उरलेल्या वेळात साऱ्या दुनियेची हजामत. नवरा पुंजाराम दिवसभर तांब्याच्या घागरी ठोकी. तीस वर्षांच्या ठोकठोकीनं त्याचे कान गेले होते. आळीतल्या बाया म्हणत, "कान गेले म्हणून संसार टिकला."

मुलगा एकच, गोरक्ष. पंधरा सरून सोळावं लागलेलं. आवाज फुटला होता, मिसरूड फुटायचं राहिलं होतं, आणि ते कधी फुटतंय हे तो घासलेल्या घागरीत दिवसातून चारदा बघायचा. बापाच्या हाताखाली हातोडी घेऊन बसायचा, पण चित्त गंगेपल्याड, पंचवटीत.

त्याला कारण एक जटाधारी. सिंहस्थ होऊन वर्ष उलटलं होतं. खरे साधू आले तसे गेले. हा एक मागे उरला, सणानंतर उरलेल्या शिळ्या पुरीसारखा. महादेवाच्या देवळामागच्या पडक्या ओवरीत राही, हिंदी बोले, डोळे अर्धे मिटून बसे. सखुबाईच्या मनमाडच्या नणंदेनं त्याला एकदा निरखून बघितलं आणि म्हणाली, "अगं वहिनी, हा तर आमच्या स्टेशनावर गाड्यांच्या चाकांना तेल घालायचा!" तेव्हापासून सखुबाई त्याला 'मनमाडकर महाराज' म्हणे, आणि ते नाव आळीभर झालं.

महाराजांभोवती संध्याकाळी पोरं जमत; गोरक्षाचा जिवलग झिपरू त्यांत पुढं. त्या काळी सरकारी ठेक्यावर गांजा उघड मिळे, पण ठेकेदार पोरासोरांना दारातूनच हाकलून देई; त्यांना द्यायची बंदीच होती. महाराजांकडचा माल बिनपरवान्याचा, चोरवाटेनं आलेला. म्हणूनच गोड. ठेकेदारानं "ये बाळा, घे बाळा" केलं असतं, तर यांतल्या एकानं तो हुंगलाही नसता.

एका शनिवारी सखुबाईनं वलणीवरून सोवळ्याचं लुगडं काठीनं खाली घेतलं, तर पदराचा वीतभर तुकडा गायब.

"गोरक्षा, हे कुणी फाडलं?"

"उंदरानं."

"उंदीर कात्री चालवतो होय रे? की मनमाडकर महाराजांनी शिकवून ठेवलाय?"

गोरक्ष उसळला. "साफी करायची होती. चिलमीच्या बुडाशी ओलं फडकं धरतात ते. ओवरीतले बाबा म्हणाले, शुद्ध कापडाची आण."

"ओढलीस?"

"अजून नाही. येत्या सोमवारी." सांगितलं अशा ऐटीत, जशी सोमवारी याची वरातच निघणार होती.

"आणि कशापायी?"

"सगळेच ओढतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"झिपरू."

"आणखी?"

"झिपरूचा मामा."

"आणखी?"

आणखी कुणी सापडेना. तो म्हणाला, "मी एकदाच ओढणार आहे. मी काय त्यात अडकणारा वाटलो तुला?"

"तो मामाही एकदाच ओढत होता. वीस वर्षं झाली, त्याचं एकदाच अजून संपलेलं नाही."

"पण प्रसाद आहे तो! तूच सांगतेस ना, प्रसादाला नाही म्हणू नये?"

इथं सखुबाईची जीभ जन्मात पहिल्यांदा टाळूला चिकटली. सांगितलं होतं खरं. एकदा पूजेचा शिरा नको म्हणाला, तेव्हा पाठीत धपाटा घालून सांगितलं होतं.

तिनं नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "अहो, गोरक्ष गांजा ओढणार आहे!"

"गांजतोय? कोण गांजतंय त्याला? हात मोडीन त्याचे!" म्हणत पुंजारामनं घागरीवर दणका घातला.

मारावं, तर मार खाल्लेल्या पोराला त्या ओवरीत मानाची जागा मिळणार. कोंडावं, तर खिडकीतून जाणार. शपथ घालावी, तर शपथा मोडण्यातच त्या पोरांची मर्दुमकी. सखुबाईनं रविवारभर विचार केला आणि सोमवारी, दिवेलागणीच्या आधी, पिंडीवर बेल वाहून म्हणाली, "देवा, आज माझ्या जिभेवर बैस." आणि देवळामागं गेली.

ओवरीत महाराज, मामा, झिपरू, आणखी दोन पोरं आणि गोरक्ष. आईला बघून गोरक्षाच्या तोंडचं पाणी पळालं. ती सरळ कोंडाळ्यात बसली आणि डाव्या हातावर उजवा ठेवून ओंजळ पुढं केली.

"महाराज, प्रसाद वाटताय म्हणे. द्या."

"माई, ये औरतों का काम नहीं."

"का? शिरा वाटताना मला कुणी उठवलं नाही आजवर."

"ये भोलेनाथ का प्रसाद है, माई."

"तेच विचारायला आले. महादेवाच्या पिंडीवरचं आपण कुणी खात नाही. ते गुरवाचं. आपण गुरव का?"

"नहीं, लेकिन..."

"मग गुरवाच्या हक्काचं परस्पर खाता? बोलावू त्याला? पायानं अधू आहे, पण काठी चांगली चालवतो."

झिपरू फिस्सकन हसला. त्याच्यामागून ती दोन पोरं. महाराजांची हिंदी तिथंच आटली.

"ए बाई, ऊठ हितून! लय शहाणी लागून गेली!"

"बाबांची गाडी रुळावरून घसरली!" झिपरू पोट धरून म्हणाला.

महाराजांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पेटती चिलीम गोरक्षापुढं धरली. "घे रे. मर्द हाय का आईच्या पदराखालचा?"

सखुबाईला ती हिसकावता आली असती. पण हात पुढं केला, तर पोरगं हट्टानं ओढील, हे तिला कळत होतं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि ओठ घट्ट मिटले.

गोरक्षानं चिलीम घेतली. त्यानं आईकडं बघितलं नाही, देवळाकडं बघितलं नाही. बघितलं झिपरूकडं. झिपरूच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं होतं. "ओढ, ओढ लवकर! गुरव येतोय!"

गोरक्षानं चिलीम खाली ठेवली. "मला नको," म्हणाला, आणि आवाज मध्येच किनरा झाला.

परतताना तो दहा पावलं पुढं चालत होता. पुलावर थांबून म्हणाला, "तू माझं नाक कापलंस."

एरवी सखुबाईनं याला फाडून खाल्लं असतं. आज तिनं नुसता पदर खोचला. पोरगं वाचलं होतं, पण तिच्यामुळं नाही आणि धर्मामुळंही नाही. पंधरा वर्षांचे उपासतापास एका पारड्यात आणि त्या शेंबड्या झिपरूचं खिदळणं दुसऱ्यात. जड झालं खिदळणं. आज तो या बाजूनं हसला. उद्या त्या बाजूनं हसला तर?

मंगळवारी ती झिपरूच्या दारात उभी. "आजपासून सांजचं आमच्याकडं जेवायला येत जा."

"का हो मावशी? काय झालं?"

"तुझं थोबाड आवडलं म्हणून. ये म्हटलं की यायचं."

आला. सहा भाकरी खाल्ल्या आणि सातवीकडं बघत बसला. सखुबाई वाढत होती आणि मनात म्हणत होती, मेल्या, देवाला एवढा नैवेद्य दाखवला असता तर दर्शन दिलं असतं त्यानं.

"काय रे, कधीपासून ओढतोस?" तिनं विचारलं.

"कुठलं मावशी!" झिपरू भाकरी कुस्करत म्हणाला. "धूर गालात धरतो नि सोडून देतो. घशात गेला की ओकारी येते. पण मामा बघत असतो ना. आणि हा गोरक्षा बघत असतो."

गोरक्षाचा घास हातातच राहिला.

"जेवा मुकाट्यानं," सखुबाई म्हणाली, आणि सातवी भाकरी मोडून दोघांच्या ताटांत अर्धी अर्धी टाकली. "आणि ओवरीतली ती दोन पोरं राहतात कुठं, तेवढं सांग."