ऑफिसच्या कामाने इस्तंबूल

खोटं बोलायचं ठरलं ते आमच्या सिंगापूरच्या, चोआ चू कांगमधल्या फ्लॅटमध्ये, भांडी घासताना. नवरा घासत होता, मी पुसत होते. इस्तंबूलची तिकिटं काढून झाली होती, हॉटेल ठरलं होतं. आईला काय सांगायचं, एवढंच राहिलं होतं.

आई कराडहून महिन्याभरासाठी येणारच होती. इथे आमच्यासारख्यांच्या घरी आजी-आजोबा पाळीने येतात. एकदा सासरचे, एकदा माहेरचे, आणि व्हिजिट पासवरचे दिवस संपले की परत. आम्ही दोघं चांगी बिझनेस पार्कमध्ये, एकाच बँकेच्या आयटी विभागात. घर बेटाच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या टोकाला. लेक झाल्यापासून सहा वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. पाच दिवस आई लेकीला सांभाळेल आणि आपण फिरून येऊ, इतकी साधी गोष्ट होती. सरळ सांगितलं असतं तर आई ‘जा’च म्हणाली असती. पण बाबा गेल्यापासून एकट्या राहणाऱ्या आईला विमानाने बोलवायचं, तिच्या हाती पोर सोपवायची आणि आपण मजा करायला निघायचं, हे काही माझ्या तोंडून निघेना.

“ऑफिसचं काम आहे म्हणू,” नवरा म्हणाला. “दोघांना एकदमच पाठवतायत.”

ऑफिसचं काम म्हटलं की आमच्या आईवडिलांपुढे सात खून माफ. भावाचं लग्न चुकवा, दिवाळीला घरी जाऊ नका, चार-चार दिवस फोन करू नका, कुणी एका शब्दाने बोलत नाही. उलट शेजारीपाजारी कौतुक सांगतात. परदेशात राहणारे आम्ही सगळेच ही सबब वापरतो, आणि ती इतकी चालते की कधी कधी आमचाच तिच्यावर विश्वास बसतो. मी आईला फोन करून सांगितलं की कॉन्फरन्स आहे.

“इस्तंबूल?” आई म्हणाली. “अगं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल!”

आईने तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही ते गाव आठवेल. १४५३ साली तुर्कांनी ते जिंकलं, खुष्कीचे मार्ग बंद झाले, म्हणून युरोपीय लोक समुद्राकडे वळले. बाकीच्यांसाठी तो ‘कारणे द्या’मधला एक प्रश्न. आईचा तो जीव की प्राण असलेला धडा. फळ्यावर ती अख्खं गाव काढायची. जमिनीच्या बाजूचा तीन पदरी तट, खाडीच्या तोंडाशी बांधलेली साखळी, आणि ती साखळी चुकवण्यासाठी एकवीस वर्षांच्या सुलतानाने चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून डोंगरापलीकडे ओढून नेलेली गलबतं. त्या तासाला मीही बसले आहे, इतरांसारखी तिला ‘बाई’ म्हणत.

आणि हे सगळं ठाऊक असून तिला बरोबर न्यावं असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. व्हिसाची भानगड, तिचे गुडघे, तिचं शाकाहारी जेवण, ही कारणं मी नंतर जमवली. तेव्हा ती लागलीच नाहीत, कारण मी विचारच केला नव्हता. माझ्या हिशेबी आई म्हणजे लेकीची सोय होती. हे लिहिताना लाज वाटते आहे.

निघायच्या आदल्या दिवशी तिने माझे ऑफिसचे दोन शर्ट इस्त्री करून दिले. ती बघत होती म्हणून मला ब्लेझरही बॅगेत घालावा लागला. वर बेसनाच्या लाडवांचा डबा दिला, “तिथल्या साहेबांना दे” म्हणून.

इस्तंबूलला तिसऱ्या दिवशी आम्ही गाइडबरोबरची सहल घेतली होती. पन्नाशीचा, गोल पोटाचा गृहस्थ. मिटलेली नारिंगी छत्री उंच धरून तो पुढे चालायचा आणि आम्ही पंधरा-वीस जण त्याचं बोलणं ऐकायचं यंत्र कानात घालून शाळेच्या पोरांसारखे मागे. सकाळी हागिया सोफिया झालं. मग जुन्या काळी रथांच्या शर्यती व्हायच्या ते मैदान, मग जमिनीखालचं पाण्याचं टाकं, त्यातले पाण्यात उभे असलेले शेकडो खांब. फार मजा आली, हे आता तरी खरं सांगते. नवऱ्याने माझा हात धरला होता आणि कुणाला भूक लागलीय, कुणाला शू लागलीय, असलं काही नव्हतं.

दुपारी दोन वाजता एका गच्चीवरच्या हॉटेलात जेवायला बसलो आणि आईचा व्हिडिओ कॉल आला. सिंगापूरला तेव्हा संध्याकाळचे सात. चोराच्या मनात चांदणं. नवऱ्याने आधी डोक्यावरची हॅट टेबलाखाली घातली. मी त्याचं जाकीट माझ्या फुलाफुलांच्या टॉपवर चढवलं, जिन्यापाशी एक पांढरी भिंत होती तिला पाठ लावली आणि फोन घेतला.

“जेवायची सुट्टी झाली का गं?”

“हो, आत्ताच. अजून दोन सत्रं आहेत.”

मध्येच लेकीचं तोंड पडदाभर आलं. “मम्मी, आजी टुक मी टू लिटिल इंडिया! बाय एमआरटी! आजी सो ब्रेव्ह ला!”

आई हसत होती. मेट्रोच्या दोन गाड्या बदलून, पोरीला धरून ती मेथी आणायला गेली होती. मी असते तर तिला एकटीला खालच्या दुकानातसुद्धा पाठवलं नसतं.

“मागे कसला गलका चाललाय?”

“पक्षी आहेत. हॉल पाण्याजवळ आहे.”

“मग काय काय पाहिलंस?”

इथे गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण खोटं एकदा सुरू झालं की त्याला नटवायचा मोह होतो. “कसलं पाहतेय गं. हॉटेल ते हॉल, हॉल ते हॉटेल. मान वर करायला वेळ नाही.”

आईचा चेहरा इतका पडला की मीच चपापले. “अगं, एवढ्या गावात जाऊन चार भिंतींत बसायचं? साहेबांना सांग, तासभर सोडा म्हणावं. माणसंच असतात तीही. दुसरं काही नको, तेवढा तट बघून ये. जमिनीकडचा. पोरांना तीस वर्षं फळ्यावर काढून दाखवला, पण खरा कसा दिसतो ते मलाच माहीत नाही. एक फोटो पाठव.”

“बघते,” मी म्हटलं. “जमलं तर.”

जमायचं काय होतं त्यात? तट आमच्या दुपारच्या कार्यक्रमात छापलेलाच होता. पंधरा मिनिटांचा थांबा. बस थांबली तेव्हा अर्धी मंडळी पेंगत होती, ती खाली उतरलीच नाहीत. मी उतरले. दगडांचे थर, मध्ये विटांचे पट्टे, कुठे बुरूज ढासळलेला, फटींतून उगवलेलं गवत. खंदकात कुणीतरी भाजी लावली होती. सॅलडच्या पानांचे हिरवेगार वाफे, आणि एक बाई वाकून त्यांतलं तण काढत होती. गाइड साखळीची आणि गलबतांची गोष्ट सांगू लागला. तो बरा सांगत होता, पण आई रंगवून सांगायची. ओंडके ओढताना ती स्वतःच वर्गात दोर ओढल्यासारखी मागे झुकायची. मी कानातलं यंत्र काढून ठेवलं.

“गॉगल काढ,” फोटो काढताना नवरा म्हणाला. “ऑफिसातून आल्यासारखी दिस.”

मी गॉगल काढला. जाकिटाची बटणं लावली. चेहऱ्यावर थोडा थकवासुद्धा आणला, आणि फोटोबरोबर लिहिलं, ‘साहेबांना विचारून तासभर सुटले. तुझ्यासाठी.’

आईचा आवाजी निरोप लगेच आला. आधी नुसता श्वास. मग म्हणाली, “शाब्बास गं माझी बाय. किती रुंद आहे ना? मी नेहमी बारीक काढायचे.” त्यानंतर तिने तो फोटो निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. एवढ्या कामातून लेकीने माझ्यासाठी वेळ काढला, असं वर लिहून. तिथल्या सगळ्या बाई आणि सर मंडळींनी मला आशीर्वाद दिले, आणि आईने ते एकेक करून मला पाठवले. असं लेकरू सगळ्यांना मिळो, असं एका बाईंनी लिहिलं होतं. त्यांनी मला पाचवीत मराठी शिकवलेलं.

सहलीच्या शेवटी बोटीतून फेरी होती. नवऱ्याने साहेबांचा डबा उघडला. तो लाडू माझ्या घशाखाली उतरला नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण उतरला. मी दोन खाल्ले.

परत आल्यावर आईने विचारलं की साहेबांना लाडू आवडले का. आवडले म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणजे काय ते त्या आठवड्यात मी पुरेपूर शिकले.

मग रविवारची सकाळ आली. आईने उपमा केला होता. आमचा टीव्ही कुणी बघत नसलं की आपोआप फोनमधले फोटो दाखवत राहतो. ती सोय मीच लावून घेतली होती आणि मीच विसरले होते. मी बशा मांडत होते. लेक ओरडली, “आजी, लुक! मम्मी अँड पप्पा ऑन हॉलिडे!”

पडद्यावर हॅट घातलेला नवरा पक्ष्यांना पाव टाकत होता. मग मी, बाजारात, डोक्याला रंगीत रुमाल बांधून. मग सगळा गट, मध्ये नारिंगी छत्री घेतलेला गाइड. मग बोटीत मी, हातात अर्धा लाडू. आई कढई हातात घेऊन उभी होती. नवरा रिमोट शोधायला लागला. रिमोट सापडेना.

“आई,” मी म्हटलं, “कॉन्फरन्स नव्हती. आम्ही फिरायलाच गेलो होतो. मी खोटं बोलले.”

“हं,” ती म्हणाली. तिने कढई टेबलावर ठेवली. इतक्यात तट आला. आईला पाठवायला नको म्हणून मी वगळलेला दुसरा फोटो, गॉगलसकट, हसरा. “थांबव तो,” ती म्हणाली.

रिमोट सोफ्याच्या फटीत सापडला. नवऱ्याने फोटो थांबवला आणि आत निघून गेला. आईने चष्मा लावला, टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि बोटाने दाखवत लेकीला सांगू लागली. हा आतला पदर, हा बाहेरचा, इथे खंदक, आता भाजी दिसतेय तिथे तेव्हा पाणी असायचं. मी तिथेच बशी धरून उभी होते. ती रागावेल, रडेल, ‘मला परकी समजलीस’ असं म्हणेल, या सगळ्याची मी मनात तयारी केली होती. तिचा आवाज मात्र वर्गातल्यासारखा खणखणीत होता.

“आजी, यू वेंट देअर बिफोर?” लेकीने विचारलं.

“नाही बाळा.”

मग ती माझ्याकडे वळली. आवाज न चढवता, जणू मला सुचलं नसेल म्हणून सुचवावं तशी म्हणाली, “मला नेलं असतंस तर हिला मी तिथेही सांभाळलंच असतं की गं. तुम्ही दोघं हिंडला असतात. मी हिला घेऊन त्या भिंतीपाशी बसले असते.”