वन्सनी मोजलेलं विमानाचं अंतर

आमच्या वन्स चाळीस वर्षं ब्लाउज शिवतायत. कोणी काहीही सांगो, गळ्यातला टेप काढून त्या आधी मोजणार, मगच विश्वास ठेवणार.

लेकीचं पहिलं बाळंतपण, तेही परदेशात. डॉक्टरांनी ऑपरेशनची वेळ दिली, सकाळी आठ. लेक फोनवर म्हणाली, "आई, मला आत नेतील तेव्हा तू जवळ हवीस." जावयांनी लगेच तिकीट पाठवलं. मोठं विमान तेरा तासांचं, मग दोन तासांनी दुसरं, छोटं. आदल्या संध्याकाळी पोचायचं.

वन्सनी आमच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला टेप लावला आणि खाली दिलेल्या प्रमाणाने हिशेब केला.

"वहिनी, साडेतेरा हजार किलोमीटर भरतायत. तासाला नऊशे धरले तरी पंधरा तास. जावईबापूंनी तेरा कुठून आणले?"

"विमानवाले खोटं कशाला सांगतील?"

"मीही गिऱ्हाइकाला सोमवार सांगते आणि गुरुवारी देते."

आमचे हे म्हणाले, "ताई, वैमानिकाला शिकवणी लाव."

वन्स हसल्या नाहीत. दोन तास जास्त लागले तर छोटं विमान चुकणार, आणि पुढचं थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. लेक एकटीच आत जाणार. त्या आठवड्यात त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मी देवापुढे बसले की त्यांच्यासाठी दोन शब्द जास्त बोलायचे.

पुढचं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा आणि त्यावर चिमुकलं विमान. चार तास झाले तरी ते सरळ पश्चिमेला जायचं सोडून उत्तरेकडे चढतच होतं. वन्सनी पडद्यावर बोट ठेवलं. शेजारी एक आजोबा बसले होते.

"अहो, हा माणूस वाट चुकलाय."

"बाई, आकाशात फाटे नसतात. पृथ्वी गोल आहे, म्हणून असा जातो."

"गोल आहे म्हणून लांबून न्यायचं?"

वन्सनी आजोबांच्या ताटातलं संत्रं उचललं. पर्समधला खडू काढून मध्याच्या जरा वर, समोरासमोर दोन ठिपके दिले, एक आपल्या गावाचा, एक लेकीच्या. टेप आधी बाजूने फिरवला, तीन इंच. मग माथ्यावरून टाकला, सव्वादोनसुद्धा भरेना. पुन्हा मोजलं. तेवढंच.

"वहिनी, मला माझीच लाज वाटली. सपाट कापडाचं माप अंगाला बसत नाही, हे मी रोज चार जणींना ऐकवते. आणि स्वतः कागदावर टेप लावून आठवडाभर उपाशी राहिले."

आजोबांनी विचारलं, "आता खाऊ का मी ते?"

"खा की. खडू तेवढा पुसा."

विमान तेरा तासांना दहा मिनिटं कमी असतानाच टेकलं. वन्स चपला हातात घेऊन धावल्या, असं त्यांचं म्हणणं. छोटं विमान मिळालं. सकाळी लेकीचं स्ट्रेचर ढकलत नेलं तेव्हा दारापर्यंत तिचा हात त्यांच्या हातात होता. दारात नर्सने थांबा म्हणून खूण केली, तशा थांबल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, मुलगा झाला. दोघंही ठीक आहेत. पोरगा बापासारखा घोरतोय."

मी फोन ठेवला आणि आधी देवापुढे जाऊन हात जोडले. मग ह्यांना सांगितलं.